मंजुरी आली, पैसा नाही आला: अनुदान घेणाऱ्या संस्थांनो, या चुका टाळा

सरकारी अनुदान हवं असलं की संस्थेतून पहिला प्रश्न येतो, “प्रपोजल कोण चांगलं लिहितं?” गोवंडी असो, मालवणी असो की धारावी, प्रश्न तोच. आरोग्य आणि समाजसेवेचं काम करणाऱ्या छोट्या संस्थांचे हिशेब सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. प्रपोजलची भाषा कच्ची होती म्हणून अनुदान गेलं, असं उदाहरण आठवायला मला डोकं खाजवावं लागेल. अनुदान जातं ते कपाटातल्या कागदांपायी. व्यसनमुक्ती केंद्र, बेघरांचा रात्रनिवारा, एचआयव्हीची टीआय (जोखमीच्या गटांत एचआयव्ही रोखायचा प्रकल्प), ज्येष्ठांसाठी डे-केअर. योजना वेगळी, खातं वेगळं, चुका मात्र त्याच. म्हणून एकदाच काय ते लिहून ठेवतो. पुढच्या वेळी फोन आला की लिंक पाठवीन.

भिंतीवरचे विश्वस्त

महाराष्ट्रात संस्थेची नोंदणी बहुधा दुहेरी असते. एक 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि दुसरी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. या दुसऱ्या नोंदणीमुळे संस्था धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी शेड्यूल वनवर चढते. विश्वस्त कोण आणि मालमत्ता काय, हे तिथे लिहिलंय तेवढंच सरकारदरबारी खरं. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, तिथे दाखल करायचा, हा कलम 22 चा साधा नियम. पाळतं कोण? सर्वसाधारण सभा होते, नवे अध्यक्ष हार घालून घेतात, नवं लेटरहेड छापून येतं, बटाटेवडे संपतात. चेंज रिपोर्ट मात्र ‘वरळीला, धर्मादायच्या ऑफिसात, जाणं होईल तेव्हा’ टाकायचा असतो. वरळीला जाणं काही होत नाही.

पूर्व उपनगरातल्या एका संस्थेची गोष्ट सांगतो. नाव नको. नशेत अडकलेल्या मुलांसाठी त्यांचं काम एक नंबर. पुलाखालची पोरं रात्री-अपरात्री हक्काने त्यांच्या दारात यायची. अनुदान मंजूर झालं, पत्र आलं, पेढे वाटले. अट होती की या पैशासाठी बँकेत स्वतंत्र खातं हवं. सह्या कोण करणार हे ठरवायला बँकेने शेड्यूल वनची प्रमाणित प्रत मागितली, ती काढली. सात नावं. पहिली दोन संस्थापकांची; दोघांच्याही तसबिरी ऑफिसच्या भिंतीवर, हारासकट. तिसरे गृहस्थ निवृत्त होऊन संगमेश्वरकडे गावी गेलेले. चौथ्या बाई भांडून बाहेर पडलेल्या. पाचवे कुठे असतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सहाव्यांनी प्रकृतीमुळे काम सोडलेलं. राहिल्या एक, त्यांना सहीला हात उचलवत नव्हता. ज्या सचिवताई रोज सकाळी केंद्र उघडत होत्या, त्यांचं नाव यादीत औषधालाही नाही.

त्या मला म्हणाल्या, “काका, पण अध्यक्ष कोण आहेत ते अख्ख्या वस्तीला माहितीये!”

वस्तीला माहीत होतं हो. पण खातं वस्ती उघडत नाही.

मग सुरू झाली धावपळ. तीन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट एकदम. त्यासाठी जुनी इतिवृत्तं, सभेच्या नोटिसा पाठवल्याचा पुरावा, मृत्यूचे दाखले, राजीनामे, नव्या लोकांची संमतिपत्रं, वर विलंबमाफीचे अर्ज. एक प्रोसीडिंग बुक पोटमाळ्यावर पाणी शिरून असं चिकटलेलं की पान सोडवायला गेलं की अक्षरं शेजारच्या पानावर राहायची. त्यात त्या भांडून गेलेल्या बाईंनी हरकत घेतली, मला सभेची नोटीसच मिळाली नाही म्हणून. ते खरंच होतं. तारखा पडत गेल्या, मार्च आला आणि त्या वर्षाची तरतूद परत गेली. वर्षभर केंद्र वर्गणीवर कसंबसं चाललं. दोन समुपदेशक सोडून गेले.

अशा वेळी हमखास कुणीतरी एजंट उगवतो. “इतके द्या, आठ दिवसांत करून देतो.” तो काय करतो, तर मागच्या तारखांची इतिवृत्तं एका बैठकीत लिहितो, एकाच पेनाने. वारलेल्या माणसाची सही त्याच्या मृत्यूनंतरच्या सभेत सापडलेली मी पाहिली आहे. घाई असलेल्यांना हा रस्ता फार आवडतो. त्यांना माझं एकच सांगणं असतं: अनुदान नाही मिळालं तर संस्था बंद पडत नाही, खोट्या सहीवर पडू शकते.

माझी सवय सांगतो. पद्धतबिद्धत काही नाही. दर एप्रिलमध्ये शेड्यूल वनचा ताजा उतारा काढायचा आणि चालू कार्यकारिणीची यादी शेजारी ठेवून नावावर बोट ठेवत वाचायचा. सभा रविवारी असेल तर सोमवारी चेंज रिपोर्टचा मसुदा तयार पाहिजे. दाखल केल्याची पोच हातात पडेपर्यंत नवं लेटरहेड छापू द्यायचं नाही. अध्यक्ष रुसतात, रुसू देत.

याच फाइलमध्ये आणखी एक गोष्ट बघून घ्या, संस्थेचं नाव. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘मंडळ’, पॅनवर इंग्रजीत भलतंच स्पेलिंग आणि पासबुकावर शेवटचा शब्दच गायब. केंद्राच्या योजनांना नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा युनिक आयडी लागतो. तिथे पॅनशी नाव जुळलं नाही की गाडी पहिल्याच स्टेशनात थांबते.

एका बाबीचा पैसा दुसऱ्या बाबीला

मंजुरीपत्र कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. रक्कम वाचतात आणि फोटो काढून ग्रुपवर टाकतात. खरा मजकूर पुढे असतो. पैसा बाबनिहाय दिलेला असतो: मानधन इतकं, भाडं इतकं, औषधं इतकी, प्रवास इतका. मानधनातून वाचलेला पैसा आपला होत नाही, तो मानधनाच्याच बाबीत अखर्चित राहतो. वळवायचा तर आधी लेखी परवानगी, नाहीतर परत.

एका ड्रॉप-इन सेंटरमध्ये समुपदेशकाची जागा काही महिने रिकामी होती. पगार वाचला. जून तोंडावर आलेला, तपासणीच्या खोलीवरचे पत्रे फुटलेले. प्रकल्प व्यवस्थापकाने त्या पैशातून पत्रे टाकून घेतले. हेतू शंभर टक्के चांगला. लेखापरीक्षकाने ते व्हाउचर बाजूला काढलं. हार्डवेअरवाल्याचं कच्चं बिल, वर तारीख नाही, पत्र्यांची संख्या नाही, नुसतं ‘पत्रे व मजुरी’, आणि खाली पेनने आकडा. मंजूर अंदाजपत्रकात दुरुस्ती ही बाबच नव्हती. सगळी रक्कम अमान्य, पुढच्या हप्त्यातून कापली. पत्रे मात्र चांगले निघाले, अजून गळत नाहीत.

व्याजाचंही तेच. अनुदान बचत खात्यात पडून राहिलं आणि त्यावर व्याज मिळालं तर ती संस्थेची कमाई समजू नका. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम 230(8) मध्ये, स्पष्ट लिहिलंय की हिशेब अंतिम झाले की व्याज भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, भरायचं. आता बऱ्याच योजनांत शून्य शिल्लक खातं असतं आणि पैशाऐवजी खर्चाची मर्यादा मिळते, त्यामुळे हा घोळ कमी झालाय. पण जुन्या वर्षांचं व्याज ताळेबंदात ‘इतर जमा’ म्हणून झोपलेलं असतं आणि कधीतरी जागं होतंच.

उपयोगिता प्रमाणपत्राला, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला असं लिहून देण्याला, लोक उगाच घाबरतात. केंद्राच्या अनुदानाला ते जीएफआर (तेच सामान्य वित्तीय नियम) 12-ए नमुन्यात द्यायचं असतं, पानभराचा मामला. आवर्ती, म्हणजे वर्षागणिक मिळणाऱ्या, अनुदानात मागच्या वर्षाचं प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब दिल्याशिवाय चालू वर्षाच्या मंजूर रकमेच्या 75 टक्क्यांपुढे पैसा सुटत नाही, म्हणजे हे पान तुमच्या पुढच्या पगाराची किल्ली आहे. आणि तरीही ते भरतात कधी, तर खात्यातून तिसरा फोन आल्यावर. तोवर कीर्द एक आकडा सांगते, पासबुक दुसरा आणि खजिनदार तिसरा.

मी मंजुरीपत्र आलं की सगळ्या स्टाफला बसवून मोठ्याने वाचतो, शिपायापासून डॉक्टरपर्यंत. बाबनिहाय रकमा फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहितो आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शिल्लक खोडून नवी मांडतो. एक्सेलमध्येही असतं, पण एक्सेल कुणी उघडत नाही, पुठ्ठा दिसतो. मार्चमध्ये पैसा उरलाय म्हणून फ्लेक्स, टोप्या आणि ‘जनजागृती मेळावा’ काढणाऱ्यांना मी मदत करत नाही. उरला तर उरला म्हणून लिहा.

फोटो पाठवा, फोटो

हल्ली कामाचा पुरावा म्हणजे व्हॉट्सअपवर फोटो. तपासणी शिबिराचा, धान्यवाटपाचा, मुलांच्या वाढदिवसाचा. साहेबांनी मागितला की उत्साही कार्यकर्ता पाठवून मोकळा होतो. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि माणसाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला त्यात मनाई आहे. ‘एआरटी (म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार) लाभार्थ्यांना पोषण किट वाटप’ असा बॅनर आणि त्याखाली ओळीने बसलेल्या बायका, हा फोटो म्हणजे काय उघड करणं नाही? बालगृहातल्या मुलांचंही तसंच. बाल न्याय कायदा, 2015, कलम 74: ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. वडाळ्याला एड्स नियंत्रण सोसायटीच्या टीआयवर वर्षानुवर्षं काम केलेल्या ओआरडब्ल्यू, म्हणजे वस्तीत फिरून काम करणाऱ्या, बायका ही गोष्ट झोपेतही चुकत नाहीत. चुकतात ते नवे, ज्यांना सोशल मीडियावर संस्था ‘दिसायला’ हवी असते. पाठमोरे फोटो काढा, किटच्या ढिगाचे काढा, सह्यांचं रजिस्टर ऑफिसात तपासायला बोलवा. नाव-पत्ता-फोटो एकत्र कुठेही पाठवू नका, मागणारा कितीही मोठा असो.

बाकीचं, थोडक्यात

पागडीची खोली. लालबाग-परळकडे स्वस्तात मिळते, पण भाडेपावती कुणा तिसऱ्याच्या आजोबांच्या नावे. भाड्याच्या बाबीतून पैसा हवा तर संस्थेच्या नावाने नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार लागतो. ‘ओळखीतली खोली आहे’ हा करार नाही.

एकच लाभार्थी दोन सरकारी खात्यांना दाखवणं. त्याच कामासाठी दुसरीकडून अनुदान घेतलं नाही, अशी सही तुम्ही अर्जासोबत केलेली असते. विसरलात तरी सही विसरत नाही.

रोखीने मानधन. एका माणसाला दिवसात 10 हजारांच्या वर रोख देऊच नका, आणि खरं तर पीअर एज्युकेटरचे (वस्तीतल्याच, आपल्यासारख्यांना समजावणाऱ्या कार्यकर्त्याचे) थोडेसे पैसेही खात्यातच टाका. अंगठ्यांनी भरलेलं पान बघितलं की लेखापरीक्षक चष्मा पुसतो.

आकडे फुगवणं. वस्तीतली घरं मोजली आहेत का? नाही. मग ‘ऐंशी हजार लाभार्थी’ कुठून आले? एम-पूर्व (गोवंडी-मानखुर्दकडच्या) वॉर्डची लोकसंख्या इंटरनेटवरून उचलायची आणि त्याला दहाने भागायचं, हा उद्योग तपासणीला येणारा माणूस पहिल्या चहाआधी ओळखतो. तीनशेच असतील तर तीनशे लिहा, नावानिशी दाखवता आले म्हणजे झालं.

लेखापरीक्षण रखडवणं. 31 मार्चला वर्ष संपलं की 6 महिन्यांत अहवाल धर्मादायकडे जायला हवा. सीएला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पिशवीभर बिलं नेऊन देणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. सीए बोलतात.

पैसा वेळेवर येईल असं धरून चालणं. येत नाही. तपासणी, शिफारस, मंजुरी, तरतूद, मग हप्ता; मधल्या एखाद्या टेबलावर फाइल महिनोन्‌महिने बसते. मी तीन महिन्यांचे पगार बाजूला असल्याशिवाय संस्थेला सरकारी प्रकल्प घेऊ देत नाही. तरुण मंडळी म्हणतात, काका फार सावध आहेत. पाचव्या महिन्यात पगाराविना काम करणाऱ्या नर्सला जाऊन हे सांगा.

आणि डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ सामान. अनुदानातून घेतलेली वस्तू संस्थेच्या खोलीत असली तरी परस्पर विकता येत नाही. लसी ठेवायचा जुना फ्रीज कुर्ल्याच्या भंगारवाल्याला देण्याआधी मंजुरी देणाऱ्या खात्याला पत्र टाका, परवानगी येऊ द्या आणि ती डेडस्टॉक रजिस्टरच्या त्याच पानाला टाचून ठेवा.