विस्मृत ब्रिटिश संगीतकार आणि त्यांची दुर्मिळ रेकॉर्डिंग: माग कसा काढायचा

एल्गार, होल्स्ट, व्हॉन विल्यम्स, ब्रिटन. ब्रिटिश अभिजात संगीत ऐकणाऱ्या बहुतेकांची गाडी या चार नावांपाशी थांबते. त्यापलीकडे हॅव्हरगल ब्रायनच्या ३२ सिंफनी आहेत, डॅनियल जोन्सच्या १३, एडमंड रब्रा आणि रॉबर्ट सिम्पसन यांच्या प्रत्येकी ११, शिवाय एलिझाबेथ मकॉन्कीची १३ स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना). यातलं बरंचसं कधी ना कधी ध्वनिमुद्रित झालेलं आहे. मात्र नुसतं संगीतकाराचं नाव टाकून शोधलं, तर तेच चार-पाच तुकडे पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यापेक्षा सुरुवात तारखेपासून करावी. ती रचना कोणत्या दिवशी, कोणत्या कंडक्टरने, कोणत्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली, एवढं हाती आलं की रेकॉर्डिंग आहे की नाही हे फार लवकर कळतं.

आधी कान तयार करा

ब्रायनच्या ‘गॉथिक’ सिंफनीपासून सुरुवात करू नका. ती जवळजवळ दोन तासांची आहे आणि प्रचंड वाद्यवृंद, अनेक गायकवृंद एकदम अंगावर येतात. त्याऐवजी ई. जे. मोरनची जी मायनर सिंफनी घ्या. लेस्ली हेवर्डने हॅले वाद्यवृंदाबरोबर १९४२ साली ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने केलेलं तिचं ध्वनिमुद्रण आणि पुढे एड्रियन बोल्टने लिरिटा या ब्रिटिश ध्वनिमुद्रण कंपनीसाठी केलेलं मुद्रण, दोन्ही पाठोपाठ ऐका. कंडक्टर बदलला की अनोळखी रचनेचा चेहरा किती बदलतो हे इथे स्वच्छ कळतं, आणि एकाच मुद्रणावरून संगीतकाराला मोडीत काढायची सवय सुटते. मग ग्रेस विल्यम्सचं ‘पेनिलियन’ (१९५५), रूथ गिप्सची चौथी सिंफनी आणि मकॉन्कीची क्वार्टेट. गिप्सच्या सिंफन्या चँडोस कंपनीने २०१८पासून रूमन गाम्बाच्या दिग्दर्शनाखाली काढायला घेतल्या. त्याआधी त्या ऐकायला मिळणं मुश्कील होतं.

दुर्लक्ष का झालं, यावरून कुठे शोधायचं ते ठरतं

सगळं खापर विल्यम ग्लॉकवर फोडायची पद्धत आहे. ते १९५९ साली बीबीसीचे संगीतप्रमुख झाले, नव्या युरोपीय संगीताला त्यांनी दार उघडलं आणि जुन्या वळणाचे संगीतकार कडेला पडले, अशी ती मांडणी. ती अर्धीच खरी आहे. त्याच बीबीसीत रॉबर्ट सिम्पसन नोकरीला होता आणि ब्रायनची आठवी सिंफनी १९५४ साली बोल्टकडून वाजवून घेण्यामागे तोच होता. म्हणजे ब्रायन शोधायचा तर सिम्पसनच्या बीबीसीतल्या वर्षांचे कार्यक्रम चाळायचे.

इतरांचं कारण वेगळं, म्हणून वाटही वेगळी. जॉर्ज लॉइडची प्रकृती युद्धात पार ढासळली होती. त्याची आठवी सिंफनी एडवर्ड डाउन्सने १९७७ साली प्रक्षेपित केली आणि तिथून गाडी रुळावर आली. त्याच्यासाठी लिरिटावरची डाउन्सची मुद्रणं आणि ऑल्बनी या अमेरिकन कंपनीची यादी पाहायची. विल्यम ऑल्विन आणि डोरीन कारविदन यांचं पोट चित्रपटसंगीतावर चालायचं, त्यामुळे त्यांची नावं चित्रपटाच्या खात्यातही शोधावी लागतात. हौशी आणि शालेय वाद्यवृंदांना तर अजिबात कमी लेखू नका. ब्रायनच्या सिंफन्यांची पहिली व्यावसायिक तबकडी लेस्टरशर स्कूल्स सिंफनी ऑर्केस्ट्राच्या मुलांनी वाजवली होती: दहावी आणि एकविसावी, मुद्रण १९७२, कंपनी युनिकॉर्न.

तारीख काढणं

प्रत्येक रचनेसाठी एक नोंद ठेवा: रचनेचं वर्ष, पहिल्या प्रयोगाची तारीख, सभागृह किंवा स्टुडिओ, कंडक्टर, एकल वादक, वाद्यवृंद, प्रत्येक भागाचा कालावधी. कालावधीचा रकाना रिकामा सोडू नका; पुढे तोच सगळ्यात जास्त कामाला येतो.

तारखांसाठी सगळ्यात मोठी खाण म्हणजे बीबीसी जिनोम हे संकेतस्थळ. त्यात ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकामधल्या १९२३ ते २००९ या काळातल्या कार्यक्रमांच्या याद्या आहेत. छापील पानांवरून यंत्राने अक्षरं उचलल्यामुळे नावं बिघडलेली असतात. संगीतकार सापडला नाही तर कंडक्टरचं आडनाव आणि वर्ष टाकून बघा. बीबीसीची अभिजात संगीताला भरपूर जागा देणारी रेडिओ वाहिनी, थर्ड प्रोग्राम, सप्टेंबर १९४६मध्ये सुरू झाली. १९४६ ते १९६० हा पट्टा नीट विंचरला तर हाती बरंच लागतं. एक धोका लक्षात ठेवा. अंक आधी छापला जायचा, त्यामुळे आजारी पडलेला कंडक्टर किंवा ऐनवेळी बदललेली रचना त्यात दिसत नाही. प्रॉम्समधला, म्हणजे लंडनच्या उन्हाळी संगीत महोत्सवातला, कार्यक्रम असेल तर प्रॉम्सच्या स्वतःच्या नोंदींशी ताडून बघा. त्या १८९५पासूनच्या आहेत. रब्राची चौथी सिंफनी ऑगस्ट १९४२च्या प्रॉम्समध्ये खुद्द रब्राने सादर केली, ही अशीच पटकन पक्की होणारी नोंद.

कोणाकडे काय मिळतं

रिचर्ड इटर यांनी १९५९ साली लिरिटा सुरू केली. ऑल्विन, मोरन, बॅक्स, रब्रा यांच्यासाठी आजही पहिली धाव तिथेच. लिरिटाच्या बऱ्याच जुन्या तबकड्या वर्षानुवर्षं बाजारात नव्हत्या, त्यामुळे त्यांचे भाव चढले. पण २००६ नंतर सीडीवर त्यांची पुनर्प्रकाशनं धडाक्याने झाली. तेव्हा केवळ संगीतासाठी महागडी तबकडी घेण्यात अर्थ नाही. इटर १९५२पासून घरी बीबीसीची प्रक्षेपणंही टिपून ठेवत. त्यातली निवडक मुद्रणं ‘इटर ब्रॉडकास्ट कलेक्शन’ म्हणून निघाली आहेत. स्टुडिओत कधीच न गेलेल्या रचना तिथे मिळतात, आवाजात थोडी खरखर धरून चालायचं.

इतर कंपन्यांपैकी सिम्पसनसाठी हायपेरियन, विल्यम वर्ड्‌सवर्थसाठी टोकाटा, रिचर्ड आर्नेलसाठी डटन एपॉक.

खोटी नावं ओळखणं

ही या छंदातली सगळ्यात गमतीची आणि डोकं खाणारी बाजू. एरीज नावाच्या अमेरिकन छापाने बीबीसीच्या प्रक्षेपणांवरून परवानगीशिवाय तबकड्या काढल्या आणि त्यावर कंडक्टर, वाद्यवृंद यांची चक्क बनावट नावं घातली. ब्रायनच्या बऱ्याच सिंफन्या अशाच फिरत होत्या. तेव्हा तबकडीवरच्या नावाचा कोणी कंडक्टर कुठल्याच नोंदीत सापडत नसेल, तर कालावधीकडे वळा.

समजा तुमच्या नोंदीत पहिला भाग १० मिनिटांचा आहे आणि संशयित तबकडीवर तो ९ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. ६०० भागिले ५७६ म्हणजे १.०४, तबकडी सुमारे ४ टक्के जास्त वेगाने धावते आहे. आता उरलेले भाग मोजा. सगळ्यांत तोच ४ टक्क्यांचा फरक निघाला तर प्रयोग बहुधा एकच, फक्त वेग चुकलेला. एक भाग जलद आणि दुसरा संथ निघाला तर प्रयोग वेगळा. पडताळ्यासाठी शेवटचा स्वरमेळ पट्टीशी जुळवून बघा: साधारण ६ टक्के वेग वाढला की पट्टी एका अर्धस्वराने चढते, म्हणजे ४ टक्क्यांना ती पाऊण अर्धस्वराच्या आसपास वर असायला हवी. शेवटी ठरावीक जागी येणारा खोकला किंवा खुर्चीचा आवाज दोन्हींत एकाच स्वरावर आला, की प्रश्न मिटला.

विकत घेताना

जुन्या सीडीत एक खास ब्रिटिश दुखणं आहे. ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात साधारण १९८८ ते १९९३ दरम्यान बनलेल्या काही सीडी तांबूस पडतात. वरचं लॅकर वेष्टनाच्या कागदातल्या गंधकाला पुरेसं अडवत नाही, आणि आतला चांदीचा थर गंजतो. हायपेरियन, युनिकॉर्न-कांचना, पर्ल, एएसव्ही या कंपन्यांच्या सीडींना याचा फटका बसला. मकॉन्कीच्या क्वार्टेटचा पहिला संच युनिकॉर्न-कांचनाचाच, तेव्हा तो घेताना विशेष जपून. मधल्या भोकाभोवती ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ असं लिहिलंय का ते पाहा आणि विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे दिवसाच्या उजेडातले फोटो मागा. रंग कडेकडून आत सरकतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून बिघाड आधी शेवटच्या ट्रॅकमध्ये सळसळ होऊन ऐकू येतो; पहिला ट्रॅक ऐकून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. सीडी हातात पडताच एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या संगणक-प्रणालीने उतरवून घ्या आणि निकाल अॅक्युरेटरिपशी, म्हणजे इतरांनी उतरवलेल्या प्रतींच्या नोंदींशी, ताडा.

७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांना सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते, मोनो एलपीला २५च्या आसपास. स्टीरिओची १८ मायक्रॉनची सुई ७८च्या चरात तळाशी बसते आणि नुसती घाण वाजवते. मोनो तबकडी उतरवताना दोन्ही चॅनेल एकत्र करा, खरखर लगेच उतरते. ७८च्या शेलॅकला किंवा घरगुती मुद्रणाच्या लॅकर तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, पृष्ठभागच विरघळतो. लॅकर तबकडीवर पांढरी भुकटी दिसली तर ती वाजवून पाहण्याचा मोह टाळा आणि आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्या.

जे विकत मिळत नाही

ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहात प्रक्षेपणांची अफाट मुद्रणं आहेत. ऑक्टोबर २०२३च्या सायबर हल्ल्यात तिथल्या सेवा कोलमडल्या होत्या, म्हणून जाण्याआधी काय उपलब्ध आहे ते विचारून घ्या. स्वरलिपी पाहायच्या असतील तर ग्रेस विल्यम्स आणि डॅनियल जोन्स ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये, ऑल्विन केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात, मकॉन्की ऑक्सफर्डच्या सेंट हिल्डाज कॉलेजात. पत्र लिहिताना ‘अमुकची सगळी मुद्रणं’ असं मागू नका. प्रक्षेपणाची तारीख, वाहिनी, कंडक्टर, वाद्यवृंद आणि रचनेचं नाव एवढं एका परिच्छेदात द्या.

हक्कांचं गणित दुहेरी आहे. ब्रिटनमध्ये रचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो. मोरन १९५० साली गेला, म्हणून त्याच्या रचना २०२१पासून मोकळ्या झाल्या. रब्रा १९८६ साली गेला, तेव्हा त्याला बराच अवकाश आहे. मुद्रणाचा हक्क याहून वेगळा: १९६३च्या आधी बाजारात आलेली मुद्रणं तिथे मोकळी आहेत, त्यानंतरच्यांना प्रकाशनापासून ७० वर्षं. घरी टिपलेल्या प्रक्षेपणाला मात्र हा हिशेब सरळसोट लावता येत नाही. ते स्वतःपुरतं ऐका, पण परवानगीशिवाय पुढे वाटू नका.