छळछावणी बघायला जाताना: जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी

म्युनिकला शिकायला आलेली आपली मुलं पहिल्या सेमिस्टरमध्ये जिथे जिथे फिरून येतात त्यात नॉयश्वानश्टाइनचा किल्ला असतो, ऑक्टोबरफेस्ट असतो आणि डाखाऊ, म्हणजे म्युनिकजवळची नाझी काळातली छळछावणी, असतं. बऱ्याचदा एकाच वीकेंडला. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "डाखाऊ अर्ध्या दिवसात उरकतं का?" हा प्रश्न दर ऑक्टोबरात येतो. मी इथे इतिहास शिकते, त्यामुळे नव्या मुलांना आणि भारतातून भेटीला आलेल्या कुणाकुणाच्या आईवडिलांना तिथे घेऊन जाणं आपसूकच माझ्याकडे येतं. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

अर्ध्या दिवसात उरकतं, हो. म्युनिकहून एस-२ लोकल पकडायची, डाखाऊ स्टेशनबाहेर ७२६ नंबरची बस, बस थेट स्मृतिस्थळाशी सोडते. प्रवेश मोफत. पण कुणी न सांगता एकटं फिरलात तर बहुतेकांसारखं तुमचंही होईल: आत शिराल, समोर खडी पसरलेलं भलंमोठं मोकळं मैदान दिसेल, दोन लांबट बराकी दिसतील, आणि मनात येईल, एवढंच? त्यात त्या दोन बराकीही मूळच्या नाहीत, नंतर बांधलेल्या प्रतिकृती आहेत. मूळच्या ३४ बराकींपैकी बाकीच्यांच्या जागी आता नुसत्या पायाच्या चौकटी आहेत. युद्धानंतर अमेरिकनांनी इथे नाझी आरोपींना डांबलं, त्यांच्यावर खटले चालवले. पुढे पूर्वेकडून हाकलल्या गेलेल्या जर्मन कुटुंबांनी याच बराकींत कित्येक वर्षं संसार केले. वाचलेल्या कैद्यांनी पाठपुरावा केला म्हणून १९६५ साली स्मृतिस्थळ झालं. म्हणजे आज जे दिसतं त्यात मूळचं कोणतं, पाडलेलं कोणतं, पुन्हा उभारलेलं कोणतं, हे सांगणारं माणूस बरोबर नसेल तर ते मैदान तुम्हाला काहीच सांगत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह: गाईडबरोबर जा. स्मृतिस्थळाची स्वतःची इंग्रजी फेरी साधारण अडीच तासांची असते, तिकीट अगदी नाममात्र. वेळा संकेतस्थळावर बघा आणि थोडं आधी पोचा, जागा मर्यादित असतात. शहरातून घेऊन जाणाऱ्या खाजगी कंपन्याही आहेत. त्यांच्या गाईडनाही स्मृतिस्थळाची परवानगी लागते, त्यामुळे तिथे फार दगाफटका होत नाही. ऑडिओगाईड हा दुसरा पर्याय, पण त्याला प्रश्न विचारता येत नाहीत.

चांगला गाईड प्रेतांपासून सुरुवात करत नाही. मला आवडलेले सगळे गाईड एका बातमीपासून सुरू करतात. मार्च १९३३ मध्ये म्युनिकचा पोलीसप्रमुख असलेल्या हिमलरने पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की डाखाऊजवळच्या बंद पडलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ५,००० कैद्यांची छावणी सुरू होत आहे. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून आलं आणि २२ मार्चला पहिले कैदी पोचलेसुद्धा. हिटलर चान्सलर होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पहिले कैदी कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट, म्हणजे राजकीय विरोधक. "लोकांना माहीतच नव्हतं" हे वाक्य आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. त्या कात्रणासमोर दोन मिनिटं थांबलं की त्या वाक्याचं काय करायचं ते आपलं आपल्याला कळतं.

आता शिस्तीबद्दल. आपल्या माणसांना घेऊन गेलं की ही गोष्ट निघतेच निघते. कुणीतरी काका हळूच म्हणतात, "बाकी काही म्हणा, पण शिस्त होती." त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे कडक मास्तरांना सर्रास हिटलर म्हणतात, आणि त्याचं आत्मचरित्र मराठीत भाषांतर होऊन रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर स्पर्धापरीक्षांच्या गाईडांशेजारी मांडलेलं असतं. तर या काकांना वाद न घालता त्या प्रतिकृतीच्या बराकीत न्यायचं. तिथे लाकडी बाकं-पलंग आहेत, कपाटं आहेत. गाईड सांगतो, की पेंढ्याची गादी पट्टी लावल्यासारखी सपाट दिसली पाहिजे, चादरीच्या रेषा शेजारच्या पलंगाशी जुळल्या पाहिजेत, जमिनीवर डाग नको, भांड्यावर पाण्याचा थेंब नको. चुकलं की शिक्षा. ऑक्टोबर १९३३ मध्ये छावणीप्रमुख थिओडोर आयकेने शिक्षांची लेखी नियमावलीच केली: अमक्या गुन्ह्याला इतके दिवस अंधारकोठडी, तमक्याला पंचवीस फटके, चिथावणीखोर बोलण्याला फाशी. हीच पद्धत मग बाकीच्या छावण्यांना लागू झाली आणि आयके सगळ्या छावण्यांचा निरीक्षक झाला. उपाशी, आजारी माणसाकडून चादरीची घडी करून घेण्यात कुणाचा काय फायदा होता, हे एकदा काकांनी गाईडला विचारावं. उत्तर ऐकताना शिस्त हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघत नाही, निदान त्या दिवशी तरी.

ज्या बराकी ६,००० माणसांसाठी बांधल्या, त्यांच्यात २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य पोचलं तेव्हा ३० हजारांहून जास्त माणसं होती. बारा वर्षांत मुख्य छावणी आणि उपछावण्या मिळून दोन लाखांवर कैदी आले, किमान ४१,५०० मेले.

इथे एक गोंधळ आधीच सोडवून घ्या. डाखाऊ ही छळछावणी, मृत्यूछावणी नव्हे. दहनगृहाच्या इमारतीत गॅस चेंबर आहे, पण तिथे सामूहिक हत्या झाल्या नाहीत. माणसं भुकेने, टायफसने, राबून, गोळ्या घालून आणि वैद्यकीय प्रयोगांत मेली. "निरुपयोगी" ठरवलेल्या अडीच हजारांहून अधिक कैद्यांना ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमच्या गढीत नेऊन वायूने मारलं. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेत्स या मात्र निव्वळ मारण्यासाठी उभारलेल्या जागा. तिन्ही आजच्या पोलंडमध्ये, तिन्ही नाझींनीच पाडून, नांगरून टाकल्या. ऑशविट्झ-बिर्केनाऊ दोन्ही होतं. हा फरक डोक्यात नसेल तर सगळ्या छावण्या एकसारख्या वाटतात आणि मग "मी एक बघितली, बाकीच्या तशाच असणार" असं होतं.

दहनगृहापाशी चार स्त्रियांच्या नावांची एक पाटी आहे, ती शोधा. १३ सप्टेंबर १९४४ ला गोळ्या घातलेल्या या चौघी ब्रिटिश गुप्तहेर संघटनेच्या होत्या. त्यांतली एक नूर इनायत खान. तिचे वडील, सूफी गायक हजरत इनायत खान, गायकवाडांच्या बडोद्यात जन्मलेले आणि वाढलेले. वडिलांचे आजोबा मौलाबक्ष सयाजीरावांच्या दरबारी गवई, बडोद्याची संगीतशाळा त्यांनीच सुरू केली. नूर मॉस्कोत जन्मली, पॅरिसजवळ वाढली, मुलांसाठी गोष्टी लिहायची, आणि पुढे नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमधून लंडनला वायरलेस संदेश पाठवायची. संगीतातली थोडी जाण असलेले आईबाबा बरोबर असतील तर बडोद्याचं नाव ऐकून तिथे जास्त वेळ उभे राहतात, हा माझा अनुभव. गाईड इंग्रजीत बोलत असला तरी ही गोष्ट तुम्ही मराठीत सांगा.

तुरुंगाची लांबट इमारत घाईत असलेले लोक टाळतात. तुम्ही टाळू नका. गेऑर्ग एल्सर या सुताराने नोव्हेंबर १९३९ मध्ये म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये हिटलरसाठी बॉम्ब पेरला होता. हिटलर काही मिनिटं लवकर निघाला आणि वाचला. एल्सरला शेवटी डाखाऊच्या याच तुरुंगात आणून ठेवलं आणि ९ एप्रिल १९४५ ला मारलं, छावणी सुटायच्या जेमतेम तीन आठवडे आधी. आणि अंगात जोर असेल तर हेबर्ट्सहाउजेनच्या गोळीबार मैदानावर जा. मुख्य स्मृतिस्थळापासून ते जवळच आहे, पण फेरीत येत नाही. १९४१-४२ मध्ये तिथे चार हजारांहून जास्त सोव्हिएत युद्धकैद्यांना गोळ्या घातल्या. पर्यटक जवळपास नसतातच.

वागायचं कसं, हेही लोक विचारतात. फोटो काढता येतात, कबरींच्या आणि भट्ट्यांच्या पुढे उभं राहून स्वतःचे काढू नका, एवढं सांगावं लागू नये पण लागतं. तिथे जर्मन शाळांच्या सहली असतात, बव्हेरियात बऱ्याच मुलांना नववीत अशी भेट सक्तीची असते. ती पोरं खिदळतात, चिप्स खातात. त्यांच्याकडे बघून नाक मुरडू नका, पंधराव्या वर्षी आपण काय वेगळे होतो? ज्यू स्मारकावर फुलांऐवजी छोटे दगड ठेवलेले दिसतील, ती त्यांची रीत आहे. लहान मुलांना नेऊ नका. डाखाऊला साधारण तेराच्या पुढची आणि ऑशविट्झला चौदाच्या पुढची मुलं चालतील, असं त्या त्या ठिकाणचेच लोक सांगतात.

आणि स्वस्तिक. गळ्यातलं पदक, लॅपटॉपवरचा स्टिकर, आईने पूजा करून दिलेल्या बॅगेवरची कुंकवाची खूण, हे सगळं त्या दिवशी घरी ठेवा. जर्मनीत नाझी चिन्हं मिरवणं गुन्हा आहे. आपलं धार्मिक चिन्ह त्यात धरत नाहीत, पण तिथल्या दारात उभं राहून तो खुलासा कुणाकुणाला करणार? शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे आजोबा इथेच मेलेले असू शकतात.

पोलंडमधल्या ऑशविट्झला जायचं तर तयारी वेगळी. प्रवेश तिथेही फुकट, पण नावानिशी आगाऊ नोंदणी लागते आणि उन्हाळ्यात गाईडच्या फेऱ्या कितीतरी आधी भरतात. ओळखपत्र न्या, मोठी बॅग नेऊ नका, आत घेत नाहीत. साधी फेरी साडेतीन तासांची. अभ्यासकांसाठी सहा तासांची फेरी असते, आणि इतिहास-समाजशास्त्राचे विद्यार्थी असाल तर तीच घ्या. क्राकाऊहून ऑशविट्झ आणि मिठाची खाण एकाच दिवसात दाखवणाऱ्या सहली विकल्या जातात. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब असं गेलं होतं. संध्याकाळी त्यांना खाणीतलं मिठाचं झुंबर आठवत होतं आणि सकाळचं नुसतं "फार गर्दी होती" एवढंच. दिवस मोकळा ठेवा.

मूळ छावणीत विटांच्या इमारतींतून प्रदर्शन आहे: चपला, सुटकेसी, स्वयंपाकाची भांडी. केसांच्या दालनात आणि अकरा नंबरच्या ब्लॉकच्या तळघरात फोटो काढायला मनाई आहे. बहुतेक जण इथे हादरतात आणि मग तीन किलोमीटरवरच्या बिर्केनाऊला थकून पोचतात. माझ्या मते खरं बघायचं बिर्केनाऊलाच आहे. तिथे काचेमागे काही नाही. नजर पोचेल तिथवर विटांच्या धुरांड्यांच्या रांगा, भोवतीच्या लाकडी बराकी गेल्या, धुरांडी उरली. १९४४ च्या मे महिन्यात रेल्वेचा फाटा खास छावणीच्या आत आणला, कारण हंगेरीतून गाड्या येणार होत्या. दोनेक महिन्यांत तिथून सुमारे ४ लाख ३० हजार ज्यू आणले, बहुतेकांना उतरल्या उतरल्या गॅस चेंबरकडे पाठवलं. फाटा कुणी टाकला, वेळापत्रक कुणी लावलं, रेल्वेला भाडं कुणी भरलं, हे गाईडला विचारा. एकंदर १३ लाख माणसं ऑशविट्झला आणली, ११ लाख मेली, त्यांतली सुमारे १० लाख ज्यू. उरलेल्यांत पोलिश, रोमा (जिप्सी) आणि सोव्हिएत युद्धकैदी. बिर्केनाऊ सगळं उघड्यावर आहे, थंडीत जाणार असाल तर जाड बूट घाला.

कोल्हापूरकडचं कुणी असेल तर पोलंडमध्ये वळिवड्याचा विषय निघू शकतो. युद्धकाळात कोल्हापूरजवळच्या या गावात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, वॉर्सात त्याचं स्मारकही आहे. अभिमान जरूर बाळगा, पण ती माणसं स्टालिनने सायबेरिया-मध्य आशियाकडे हाकललेली होती, नाझी छावण्यांतून सुटलेली नव्हे. दोन्हीची सरमिसळ करू नका.

क्रमच विचाराल तर मी बर्लिनच्या वान्झे तळ्याकाठचा बंगला आधी सुचवते. २० जानेवारी १९४२ ला तिथे पंधरा अधिकारी जमले, त्यांतले बरेच कायद्याचे डॉक्टरेट, आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहारात कोणत्या खात्याने काय करायचं ते ठरवलं. तिथे रक्त नाही, भट्टी नाही, कागद आहेत. ते कागद वाचून मग छावणीत गेलं की गाईडला विचारायचे प्रश्न बदलतात.

ज्यांना यात पुढे काही करायचंय त्यांच्यासाठी: डाखाऊत दर उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय युवा मेळावा भरतो, वेगवेगळ्या देशांची मुलं येऊन राहतात. जर्मन चांगलं असेल तर स्मृतिस्थळांवर इंटर्नशिप मिळते, इंग्रजीवर भागत नाही, निदान बी-२ पातळीपर्यंत तरी या. आणि जे अजून भारतातच व्हिसाची वाट बघत बसलेत, त्यांनी नाझींच्या बळींची कागदपत्रं जपणाऱ्या आरोल्सेन अर्काइव्ह्जचा नावं नोंदवण्याचा उपक्रम बघावा. छावण्यांच्या कार्डांची स्कॅन केलेली चित्रं पडद्यावर येतात, त्यावरचं नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक वाचून टाइप करायचं. जर्मन येत नसलं तरी चालतं. जुनं हस्ताक्षर लावायला सुरुवातीला वेळ लागतो, पण दहा-बारा कार्डांनंतर जर्मन १ आणि ७ मधला फरक कळायला लागतो.