प्राणिशास्त्राला नव्याने येणाऱ्यांसाठी: गुरुत्वाकर्षणाचा धडा नेमका कुठे अडवतो

गोव्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: शरीरक्रियाशास्त्रातला गुरुत्वाकर्षणाचा भाग ‘सोपा आहे, शेवटी बघू’ म्हणून मागे टाकू नका. हत्तीचे पाय जाड का, हे सगळ्यांना येतं. उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं, हाडाचा छेद मात्र चौपटच. हा हिशेब गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडला. त्यावर जास्त वेळ घालवू नका.

खरी गोची पाण्यात आहे. माझं अख्खं सेमिस्टर तिथेच अडकलं होतं, म्हणून जरा लांबण लावते.

रक्ताचा एक मीटर उंच स्तंभ तळाशी साधारण ७७ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब देतो. जिराफाच्या हृदयापासून मेंदू सुमारे दोन मीटर वर. म्हणजे नुसतं रक्त वर चढवायलाच दीडशेच्या वर दाब हवा. म्हणून त्याचा रक्तदाब माणसाच्या जवळपास दुप्पट असतो आणि पायांत रक्त साचू नये म्हणून तिथली कातडी घट्ट आवळलेली असते. इथपर्यंत ठीक. आता मीटरभर लांबीचा समुद्रसाप पाण्यात उभा कल्पा. डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याच्या रक्ताचा दाब तेवढाच, ७७ने वाढतो. पण बाहेरच्या खाऱ्या पाण्याचा दाबही तेवढ्याच खोलीत ७५च्या आसपास वाढतो. रक्तवाहिनीच्या भिंतीवर उरतो तो फरक, जेमतेम दोनचा. तोच साप हवेत उभा धरला तर बाहेरून आधार देणारं काहीच नाही. ७७चा पूर्ण ताण शेपटीकडच्या शिरांवर येतो, त्या फुगतात, रक्त तिथे साचतं आणि डोक्याकडे कमी पडतं. ही आकडेमोड स्वतःच्या हाताने, आकृती काढून करा. रेडीमेड नोट्समध्ये या जागी ‘पाण्यात गुरुत्वाकर्षण नसते’ असं एक वाक्य छापलेलं असतं, आणि मुलं ते जसंच्या तसं उतरवतात. ते साफ चूक आहे.

चूक का, ते सुंगटांकडून (म्हणजे कोळंबीकडून) शिका. सुंगटाच्या डोक्यावर, आखूड मिशांच्या बुडाशी, तोल सांभाळणारी पिशवी असते आणि तिच्यात वाळूचे कण. कात टाकली की ते कण जातात, नवे भरावे लागतात. १८९३ मध्ये क्राइडल या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने त्या वेळी वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला आणि वरून लोहचुंबक धरलं. सुंगटं उलटी झाली, कारण कण ज्या बाजूला दाबतात ती त्यांची खालची बाजू. गुरुत्वाकर्षण पाण्यातही पूर्ण असतं. बाहेरच्या पाण्यामुळे रद्द होतो तो फक्त शिरांवरचा ताण. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की निम्मा पेपर सुटला समजा.

सापांचं उदाहरण लिहिताना मात्र सावध. झाडावरच्या आणि जमिनीवरच्या सापांत हृदय डोक्यापासून १५ ते २५ टक्के लांबीवर, पाण्यातल्यांत २५ ते ४५ टक्क्यांवर, हे आकडे पाठ करून ‘म्हणून झाडावरच्या हरणटोळाचं हृदय पुढे’ असं ठोकून देऊ नका. २०१० मध्ये १५५ जातींचं विश्लेषण झालं, त्यात वंशाचाही मोठा प्रभाव दिसला. आणि रापणीच्या जाळ्यात समुद्रसाप आला, वाळूवर ढिला पडलेला दिसला, तर हात लावू नका. अतिविषारी असतो. पागी (मासेमार) लोक तो कसा सोडवतात ते लांबून बघा.

भौतिकशास्त्राची भीती असेल तर ती सोडा, बारावीचं पुरतं. गाईड निवडताना नावाचा दबदबा बघू नका. जो ‘आकृती काढून दाखव’ म्हणतो, त्याच्याकडे जा. माझं सगळं अशाच एका बाईंमुळे मार्गी लागलं.

प्रकल्पासाठी विषय सुचत नसेल तर म्हापशाच्या बाजारातून घोळ माशाचं डोकं मागून घ्या. कवटीच्या तळाशी, मेंदूच्या मागच्या बाजूला दोन पांढरे, जड खडे मिळतात. या माशांच्या कुळात ते विशेष मोठे असतात. हे मुख्यतः ऐकण्याच्या कामाचे; माशाला वर-खाली कळतं ते मुख्यतः त्यांच्याजवळच्याच लहान खड्यांमुळे. या मोठ्या खड्यांतली वलयं मोजून वय काढतात, त्यामुळे मत्स्यविज्ञानातल्या नोकरीसाठीही हात तयार होतो. खडे धुऊन, सुकवून कोरड्या बाटलीत ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये अजिबात टाकू नका; ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, आम्लाने झिजतात आणि वलयं वाचता येत नाहीत.