पायथनमध्ये तुर्की नावांचं टायटल केस बिघडतंय? हे करा

लक्षण: तुर्कीत आय दोन, टिंबवाला आणि बिनटिंबाचा. कॅपिटलमधलं ‘इझमीर’ (यातले आय टिंबवाले) पायथन ३ च्या टायटल मेथडमधून (शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, बाकी लहान करणारी) काढलं की चौथ्या अक्षरानंतर यू+०३०७ (युनिकोड क्रमांक) हे जोडटिंब चिकटतं. डोळ्यांना दिसत नाही, शोध मात्र रिकामा येतो. वैताग नुसता!

लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) तुर्की केलं, ढिम्म फरक नाही. ही मेथड लोकेल बघतच नाही. एनएफसीनेही (अक्षर आणि जोडचिन्ह एकत्र करणारं युनिकोड रूप) टिंब जाईना. रिप्लेसने उडवलं, पण ‘दियारबाकिर’मधला बिनटिंबाचा आय टिंबवालाच राहिला.

चाललं ते असं: आधी मूळ कॅपिटलमधला डेटा परत घ्या, टिंब उडवल्यावर दोन्ही आय वेगळे काढता येत नाहीत. मग पायआयसीयू ही लायब्ररी बसवा, नाव तिच्या युनिकोडस्ट्रिंगमध्ये घाला, त्याच्या टूटायटल मेथडला ‘टीआर’ लोकेल द्या (स्ट्रिंग जागच्या जागी बदलते) आणि शेवटी साध्या स्ट्रिंगमध्ये आणा. लांबी तपासा: इझमीर ५ भरायला हवं, ६ नव्हे.