ट्यूनर लावल्यावर गाडी मिसिंग करते? मॅपला हात लावण्याआधी अर्थची वायर तपासा

पावसाळा सुरू झाला की फ्युएल ट्यूनर बसवलेली एखादी तरी गाडी माझ्या दारात येते. गाडीवाल्याच्या हातात लॅपटॉप असतो आणि त्यात कुणाकुणाकडून मागून घेतलेले चार-पाच मॅप, म्हणजे पेट्रोल कुठे किती वाढवायचं-घटवायचं त्याचे तक्ते, असतात. मी आधी लॅपटॉप बंद करायला सांगतो. मॅप सगळ्यात शेवटी.

कारण साधं आहे. असा पिगीबॅक ट्यूनर ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर यांच्या मधे बसतो. ईसीयू इंजेक्टरला ठरावीक मिलीसेकंद उघडायला सांगतो, ट्यूनर त्या वेळेत काही टक्के वाढवतो किंवा घटवतो. किती, हे तो दोन गोष्टींवरून ठरवतो: इंजिनचे आरपीएम आणि थ्रॉटल किती उघडलंय. यातली एक जरी त्याला चुकीची दिसली, तर तो मॅपमधल्या भलत्याच घरातला आकडा उचलतो. मग मॅप कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

सुरुवात ट्यूनर काढण्यापासून. कंपनीचे कपलर परत एकमेकांना जोडा आणि जिथे त्रास होतो त्याच रस्त्यावर गाडी फिरवून आणा. ओपन सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर असेल तर या फेरीत गाडी पिळू नका, मिश्रण लीन असतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. त्रास तसाच राहिला तर दोष गाडीचा आहे: प्लग, फ्युएल पंप, फिल्टर, नाहीतर इनटेकच्या रबरी बूटला गेलेली चीर. तो आधी निस्तरा.

बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आणि रेस दिल्यावर 14 च्या आसपास हवी. नसेल तर पुढे जाऊ नका.

आता अर्थ, म्हणजे ट्यूनरच्या काळ्या वायरचा बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेला संपर्क. इथे मी स्वतः दोन पावसाळे घालवलेत, म्हणून सविस्तर सांगतो.

माझी गाडी साताऱ्यात, पोवई नाक्याच्या गर्दीत, हायवेला, कुठेही चालवा, झक्क चालायची. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं आणि धुकं दाटलं की मिसिंग सुरू. हाफ थ्रॉटलला झटके, मधेच सायलेन्सरमधून फटाका. धुकं विरळ झालं की गाडी पुन्हा सरळ. ज्याला त्याला विचारलं. कुणी म्हणालं दमट हवा, कुणी म्हणालं उंचीवर हवा पातळ, घाटासाठी वेगळा मॅप लागतो. मी घाटाचा मॅपही करून पाहिला. काही फरक पडला नाही.

उंचीचं सांगायचं तर सातारा सातशे मीटरच्या आसपास आणि घाटाच्या वरचं कास पठार बाराशेच्या आसपास. हवेचा दाब पाचेक टक्के उतरतो. पण आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना दाबाचा सेन्सर असतो, ईसीयू ती दुरुस्ती आपणहून करतो आणि ट्यूनरचे टक्के त्या दुरुस्त आकड्यावर लागतात. उंचीसाठी वेगळा मॅप विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

खरं कारण एका संध्याकाळी अंगणात सापडलं. गाडी स्टँडवर चालू होती, बॅटरीचा निगेटिव्ह आणि ट्यूनरची काळी वायर यांच्यामधे मल्टिमीटर लावलेला होता, आणि अंधार पडला म्हणून मी फॉग लाइटचं बटण दाबलं. मीटरवरचा आकडा 0.06 वरून उडी मारून 0.58 व्होल्टवर गेला. लाइट बंद केले, परत 0.06. ते बटण मी वीस वेळा तरी दाबून पाहिलं असेल.

ज्या गॅरेजात काम करून घेतलं होतं तिथे ट्यूनरची काळी वायर आणि फॉग लाइटची काळी वायर एकाच थिंबलमध्ये (वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या कडीत) घालून चासीच्या रंगवलेल्या बोल्टखाली आवळली होती. रंग वीज नेत नाही. जेमतेम बोल्टच्या आट्यांमधून संपर्क होता. दोन लाइटचे चार-पाच अँपिअर त्या अरुंद वाटेने जायला लागले की तिथे अर्धा व्होल्ट अडकायचा, म्हणजे ट्यूनरचा ‘शून्य’ अर्धा व्होल्ट वर चढायचा. थ्रॉटल सेन्सर मात्र ईसीयूच्या शून्यावरून बोलतो. बंद थ्रॉटलला तो साधारण अर्धा-पाऊण व्होल्ट देतो, पूर्ण उघडल्यावर चारच्या वर. त्यात अर्धा व्होल्ट चुकला की मी तीस टक्के थ्रॉटल उघडलेलं असताना ट्यूनरला पंधराच टक्के दिसायचं. धुकं आलं की मी लाइट लावायचो आणि लाइट लावले की गाडी मिसिंग करायची. धुक्याचा दोष काहीच नव्हता.

म्हणून हे मोजायचं कसं ते नीट वाचा. मीटर डीसी 2 व्होल्टच्या रेंजवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा, वरच्या बोल्टवर नको. लाल प्रोब ट्यूनरच्या काळ्या वायरच्या पिनला, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी घालून. मग इंजिन चालू करा आणि हेडलाइट, फॉग लाइट, रेडिएटरचा पंखा, मोबाइल चार्जर, जे काही गाडीवर आहे ते सगळं चालू करा. 0.05 च्या आत असेल तर उत्तम, 0.1 पर्यंत चालेल. त्याच्या वर असेल तर दोष सापडला असं समजा.

मीटरच्या बझरवर तपासून ‘अर्थ ओके आहे’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका. हे मी अगदी निक्षून सांगतो. बझर लावल्यावर मीटर त्या वायरमधून नावापुरता करंट सोडतो. वायरच्या वीस तारांतली एक शिल्लक असली तरी तो वाजतो. माझ्या गाडीवरही दोन्ही पावसाळे तो व्यवस्थित वाजत होता. इंजिन बंद ठेवून घेतलेलं मापही तसंच फसवं. वायरवर ओझं पडल्याशिवाय ती कमजोर आहे हे कळत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. ट्यूनरची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर आणा, स्वतःच्या वेगळ्या थिंबलने. थिंबल पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबा आणि वायर जोरात ओढून पाहा. किटसोबतच्या कागदात दुसरी जागा दिली असेल तर तिथे लावा, पण तिथला रंग पॉलिश पेपरने घासून खालचा चकचकीत धातू दिसू द्या. त्या थिंबलमध्ये दुसरी एकही वायर नको. फॉग लाइट रिलेवर घ्या आणि त्यांची काळी वायर वेगळी न्या. माझ्याकडे एवढं केल्यावर सगळे लाइट लावूनही मीटर 0.02 दाखवत होता.

त्याच बैठकीत सीटखालचे जोड बघून घ्या. वायर न कापता वरून चावणारे निळ्या क्लिपचे जोड दिसले तर काढून टाका. ते तारा तोडतात आणि आपल्या पावसात सहा महिन्यांत आतून हिरवे होतात. सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह घाला. कपलरमधली प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा, मागे सरकलेली पिन लगेच कळते. वॉशिंग सेंटरला प्रेशरचं पाणी ट्यूनरवर मारू देऊ नका.

अर्थ बदलला की थ्रॉटल कॅलिब्रेशन पुन्हा करावंच लागतं: चावी चालू, इंजिन बंद, थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून एक नोंद आणि पूर्ण उघडून दुसरी.

मग लॅम्ब्डा सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. आयडलिंगला आणि एकसारख्या वेगाने जाताना ईसीयू सायलेन्सरमधल्या या सेन्सरकडे बघून पेट्रोल ठरवतो. त्या भागात तुम्ही मॅपमध्ये पाच टक्के वाढवले की ईसीयू ते पाच टक्के काढून घेतो. दोघांच्या ओढाताणीत गाडी एका वेगाला डुचमळते, स्लो वरखाली होतो. किटमध्ये त्यासाठीचा वेगळा जोड दिला असेल तर तो लावा, नाहीतर तेवढी घरं शून्यावर ठेवा. सेन्सर काढून तिथे नुसता रेझिस्टर लावायचा सल्ला बीएस6 गाडीला लावू नका, चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

आता लॅपटॉप उघडा. सगळी घरं शून्य करून सुरू करा, एका वेळी एकच पट्टा बदला, दोन-तीन टक्क्यांनी. जुना मॅप वापरत असाल तर तो कुठल्या पेट्रोलवर केलाय ते विचारा. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 पट. ई10 ला (दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) हा आकडा साधारण 14.1 येतो, वीस टक्के इथेनॉलच्या ई20 ला 13.5. म्हणजे ई10 च्या काळातला मॅप आज फुल थ्रॉटलला चारेक टक्के लीन पडतो, आणि तिथे लॅम्ब्डा सेन्सर मदतीला येत नाही. हायवेला बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर चालवल्यावर प्लग पांढराफटक दिसला तर हेच तपासा.

टेस्ट राइड ज्या परिस्थितीत त्रास होत होता त्याच परिस्थितीत घ्या. मी समर्थ मंदिरापासून कासपर्यंत जातो, भर दुपारी ऊन असलं तरी फॉग लाइट लावून.