रात्रीच्या फाइल साताऱ्याला पूर्ण पोहोचल्या का? पावसाळ्याआधीची तयारीची यादी

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. अशा वेळी मुख्य कार्यालयातला सर्व्हर बंद करून वरच्या मजल्यावर हलवावा लागतो, आणि साताऱ्यातल्या सर्व्हरवर काल रात्री गेलेली प्रत हाच पतसंस्थेचा सगळा हिशेब उरतो. ती प्रत धड आहे का, हे मे महिन्यातच तपासून ठेवायचं. पाणी चढू लागल्यावर कुणाला सवड नसते.

इथे धरलेली मांडणी साधी आहे. तासगाव, विटा, जत आणि मिरज शाखांचा दिवस बंद झाला की त्यांच्या फाइल सांगलीला येतात आणि रात्री साडेअकराला सगळं सांगलीहून साताऱ्याला जातं. दोन्हीकडे लिनक्स, वेळ लावायला क्रॉन, पाठवायला एसएसएचवरून (दोन सर्व्हरमधली सुरक्षित जोडणी) आरसिंक.

पहिलं काम कागदावरचं. रोज कोणत्या नावाच्या किती फाइल यायला हव्यात, त्यांचा नेहमीचा आकार किती आणि किती वाजेपर्यंत यायला हव्यात, हे लिहून काढा. हे न करता लोक थेट तपासणीची स्क्रिप्ट लिहायला बसतात. मग स्क्रिप्ट आलेल्याच फाइल तपासते, न आलेली तिला दिसतच नाही. जत शाखेची फाइल मुळात तयारच झाली नसेल, तर आरसिंक बाकीचं नीट पोहोचवून ० हा ‘सगळं ठीक’चा कोड देऊन मोकळं होतं. त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं.

मग क्रॉन. हाताने चालवलेली स्क्रिप्ट व्यवस्थित चालते आणि रात्री मात्र पडते, याची कारणं बहुधा ठरलेली असतात. क्रॉनला पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तोकडी मिळते, म्हणून प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या, ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की ओळ तिथेच तुटते, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख घालणारा भाग एक तर स्क्रिप्टच्या आत ठेवा, नाही तर टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) आहे का तेही पाहा. आपली रात्रीची साडेअकरा म्हणजे तिथले संध्याकाळचे सहा. पहाटे दोनला चालणारं काम अशा सर्व्हरवर आदल्या दिवसाच्या तारखेने फाइल बनवतं आणि तपासणी आजची फाइल शोधत बसते.

एसएसएचला बॅच मोड लावा, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची चावी चालली नाही तर पासवर्डची वाट पाहत ते रात्रभर अडकून राहणार नाही, चूक सांगून बाहेर पडेल. साताऱ्याचा सर्व्हर नव्याने बसवला असेल तर त्याची होस्ट-की (सर्व्हरची ओळख पटवणारी चावी) बदललेली असते. ती आधीच खातरजमा करून नोंदवा. होस्ट-कीची तपासणीच बंद करून टाकायचा सोपा मार्ग धरू नका. काल रात्रीचं काम अजून चालू असताना आजचं सुरू होऊ नये म्हणून एफलॉक लावा.

आरसिंकचे कोड पाठ असलेले बरे. २३ म्हणजे काही फाइल गेल्या, काही चुकीमुळे राहिल्या. २४ म्हणजे पाठवता पाठवता मूळ फाइलच नाहीशी झाली. ३० म्हणजे वेळ संपली. २५५ आला तर बहुतेक वेळा एसएसएचच जोडलं गेलेलं नसतं. स्क्रिप्टमध्ये आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला जोडून) टी कमांडकडे देऊन लॉग लिहीत असाल, तर हातात येणारा कोड टीचा असतो, आरसिंकचा नव्हे, आणि टी जवळजवळ नेहमीच ० देतं. पाइपफेल चालू करा, म्हणजे आरसिंकची चूक टीच्या ० मागे दडत नाही.

अर्धवट फाइलचा प्रश्न वेगळा. आरसिंक आधी लपलेल्या तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं, त्यामुळे खऱ्या नावाची अर्धी फाइल सहसा दिसत नाही. थेट खऱ्या नावाच्या फाइलवर लिहिणारा ‘इनप्लेस’ पर्याय लावला की हे संरक्षण जातं. एखादी शाखा साध्या एससीपी किंवा एफटीपीने पाठवत असेल, तर तिला आधी ‘.पार्ट’ जोडलेल्या नावाने पाठवून शेवटी नाव बदलायला सांगा. एफटीपी असेल तर बायनरी मोड पक्का करा, नाही तर ओळींची टोकं बदलून झिप फाइल निकामी होते.

चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) शा-२५६ पद्धतीचा घ्या. फाइल बंद झाल्यावर सांगलीतच काढा आणि ती यादी फाइलींसोबत पाठवून साताऱ्यात ताडून पाहा. यादीत पूर्ण पत्ते नकोत, नुसती नावं हवीत. नाही तर साताऱ्याचा सर्व्हर सांगलीतला फोल्डर शोधतो. यादी विंडोजवर बनली असेल तर प्रत्येक नावाच्या शेवटी न दिसणारं एक चिन्ह चिकटतं आणि समोर असलेली फाइल ‘सापडली नाही’ म्हणून येते.

पण चेकसम जुळला म्हणजे काम संपलं असं मुळीच समजू नका. शून्य बाइटची फाइलही दोन्हीकडे तंतोतंत जुळते. तिचा शा-२५६ नेहमी ‘ई३बी०सी४४२’ने सुरू होतो, यादीत तो दिसला की थांबा. याहून घातक म्हणजे अर्धा डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली अपुरी प्रत. मायएसक्यूएल डेटाबेसचा डंप पाइपने थेट जीझिपमध्ये (फाइल दाबून लहान करणारं साधन) जात असेल आणि डंप मध्येच तुटला, तर जीझिप मिळालं तेवढं नीट बांधून ठेवतं. जीझिपची चाचणी पास, चेकसम जुळलेला, आरसिंकचा कोड ०, आणि आत निम्मी खाती. म्हणून साताऱ्यात फाइल उलगडून शेवटची ओळ वाचा. नेहमीच्या सेटिंगमध्ये पूर्ण डंपच्या शेवटी ‘डंप कम्प्लीटेड ऑन’ आणि पुढे तारीख-वेळ असते. ती ओळ नसेल तर फाइल नापास. आकारही कालच्याशी ताडून पाहा. खात्यांचा डंप एका रात्रीत निम्मा होत नाही.

मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फाइल साताऱ्यातूनही पुसणारा आरसिंकचा ‘डिलीट’ पर्याय वापरत असाल तर सांगलीतली डिस्क माउंट झाली आहे का, हे स्क्रिप्टने आधी पाहिलंच पाहिजे. वीज जाऊन आल्यावर डिस्क जोडली गेली नसेल, तर मूळ फोल्डर रिकामा दिसतो आणि साताऱ्यातली चांगली प्रत पुसली जाते. किती फाइल पुसू द्यायच्या यावर मर्यादा घाला. साताऱ्याच्या डिस्कवर जागा आणि आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) दोन्ही पाहा. लाखो बारीक फाइल असल्या की जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात.

निरोप साताऱ्याच्या टोकाने द्यावा. पाठवणारा सर्व्हरच बंद पडला तर तो तक्रार करणार कशी? रात्री एक वाजता साताऱ्यातली तपासणी चालावी, कागदावरच्या यादीशी सगळं जुळवावं आणि जुळलं तरीही मेसेज पाठवावा. सकाळी नऊपर्यंत मेसेज आला नाही, तर फाइल आल्या नाहीत असंच धरून फोन उचलायचा. कोणी, आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्या कोणी, ही दोन नावं त्याच कागदावर लिहा.

शेवटी मुद्दाम बिघाड करून पाहा. एका रात्री जतची फाइल बाजूला काढा, दुसऱ्या रात्री तिच्या जागी रिकामी फाइल ठेवा, तिसऱ्या रात्री डंपची शेवटची ओळ कापा, चौथ्या रात्री सांगलीचं क्रॉन बंद ठेवा. दर सकाळी योग्य त्या कारणासह तक्रार, आणि चौथ्या सकाळी ‘एकही फाइल आली नाही’ असा मेसेज यायला हवा. त्यानंतर साताऱ्यातली एक प्रत वेगळ्या मशिनवर चढवून एखाद्या खात्याची शिल्लक शाखेतल्या आकड्याशी ताडून पाहा, आणि चढवायला किती वेळ लागला तो कागदावर लिहून ठेवा.