यादी दिसते, गाणं वाजत नाही? प्लेलिस्ट प्लेअरमध्ये टाकताना या चुका टाळा

एमपी३ प्लेअरवर प्लेलिस्टचं नाव दिसतं, पण गाणं एकही लागत नाही. बहुतेक वेळा फक्त यादीची फाइल कॉपी झालेली असते. यादीच्या या एम३यू फाइलमध्ये गाणी नसतात, त्यांचे पत्ते असतात. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. ओळीच्या सुरुवातीला ‘डी:’ असेल तर तो पत्ता संगणकावरचा. प्लेअरला तो सापडणार नाही. गाणी आणि यादी एकाच फोल्डरमध्ये ठेवा, प्रत्येक ओळीत नुसतं फाइलचं नाव ठेवा आणि अख्खा फोल्डर कॉपी करा.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या याद्यांत आणखी एक भानगड असते. मराठी अभंगांशेजारी कन्नड वचनं आणि दासरपदं, म्हणजे नावं दोन लिप्यांत. यादी एएनएसआयमध्ये (अक्षरं साठवायची जुनी पद्धत) सेव्ह केली की दोन्ही लिप्यांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पुन्हा सेव्ह करून मूळ नावं परत येत नाहीत, यादी नव्यानंच करावी लागते. म्हणून ‘सेव्ह ॲज’ करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा आणि एक्स्टेन्शन, म्हणजे नावातला टिंबानंतरचा भाग, एम३यू८ द्या. ‘बीओएम’वाला पर्याय नको; तो फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण घालतो, त्यामुळे काही प्लेअर पहिलंच गाणं गाळतात. स्वस्त प्लेअरच्या स्क्रीनवर या लिप्यांऐवजी चौकोन दिसतात. तिथं नावं रोमन अक्षरांत द्यावीत, पण यादी बनवायच्या आधी. नंतर नाव बदललं की पत्ता चुकलाच.

भजनी मंडळाच्या पेन ड्राइव्हवाल्या स्पीकरची गोष्ट वेगळी. असे बरेच स्पीकर यादी वाचतच नाहीत. ज्या क्रमानं फाइली कॉपी झाल्या त्या क्रमानं वाजवतात. रूपाचा अभंग आधी आणि भैरवी शेवटी हवी असेल तर नावांपुढे ००१, ००२ असे आकडे घाला, फोल्डर रिकामा करा आणि त्याच क्रमानं पुन्हा कॉपी करा. मधे एक गाणं घुसवलंत तर ते शेवटी जातं.

६४ जीबीचं मेमरी कार्ड सहसा एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत) येतं आणि जुने प्लेअर ते ओळखत नाहीत. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घेऊन फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करा. त्यात आधीचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा.

फाइली एमपी३च ठेवा. नुसतं एक्स्टेन्शन बदलून फॉरमॅट बदलत नाही. १२८ केबीपीएसला (आवाजाच्या दर्जाचा आकडा) मिनिटाला साधारण १ एमबी लागतो. गाण्यांच्या ॲपमधली डाउनलोड सहसा त्या ॲपबाहेर वाजत नाहीत.

पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपसू नका, शेवटची गाणी अर्धवट राहतात.